टोकदार बूट आणि माझी फसलेली स्लाइड : वस्तू पुरावा म्हणून कशी वाचायची?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी विभागात एक छोटं प्रेझेंटेशन दिलं होतं. विषय होता अमेरिकन काउबॉयचा पोशाख. एका स्लाइडवर मी अगदी छातीठोकपणे लिहिलं होतं, ‘रिकिबीत पाय पटकन जावा म्हणून काउबॉय बुटाचं टोक निमुळतं असतं.’ समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “हे कोणत्या बुटावरून म्हणताय? साधारण किती सालचा बूट?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते चार ठिकाणी वाचलं होतं, पण त्या चौघांनीही ते बहुधा एकमेकांचंच वाचून लिहिलं होतं.

त्या दिवशी वाईट वाटलं खरं, पण पुढचे सहा महिने मी जुने बूट बघण्यात घालवले आणि पुराव्याबद्दल जे शिकलो ते पद्धतीशास्त्राच्या पेपरातूनही शिकलो नव्हतो. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी ते इथे मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं. टेक्ससमध्ये गुरं भरपूर होती, पण खाणारी शहरं उत्तरेत आणि पूर्वेत. 1867 मध्ये कॅन्ससमधल्या ॲबिलीन इथे रेल्वेवर गुरं चढवण्याची सोय झाली आणि टेक्ससहून हजारो गुरांचे कळप पायी हाकत नेणं सुरू झालं. हे काम करणारे म्हणजे काउबॉय. त्यांत गोरे होते, तसेच कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचेही बरेच होते. घोड्यावरून गुरं राखायचं कसब तर मूळचं मेक्सिकोतल्या वाकेरोंचंच. हा सगळा पसारा जेमतेम वीस वर्षं टिकला. 1874 मध्ये ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, मोकळी कुरणं बंदिस्त होत गेली, रेल्वे दक्षिणेकडे सरकली आणि 1886-87 च्या भयंकर हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांवर अगणित गुरं मेली.

या वीस वर्षांत काउबॉयच्या पायात काय होतं? सुरुवातीला लष्करी पद्धतीचे किंवा वेलिंग्टन धाटणीचे उंच बूट. मग कॅन्सस आणि टेक्ससमधले चांभार गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे त्यांत बदल करू लागले. उंच टाच आली, कारण पाय रिकिबीतून आरपार गेला आणि घोडा उधळला तर माणूस फरफटत जाणार. नडगीवरचा भाग उंच आणि सैल ठेवला, म्हणजे काट्याकुट्यांपासून बचाव होतो आणि वेळ आलीच तर पाय बुटातून निसटतो. त्या भागावर टाक्यांच्या ओळी घातल्या की चामडं ताठ राहतं, घोट्यावर गोळा होत नाही. आज जी नक्षी दिसते तिच्यामागे असं काम होतं.

आता टोकाकडे येऊ. त्या काळातले फोटो आणि शिल्लक राहिलेले बूट बघितले तर बहुतेकांची टोकं गोल किंवा चौकोनी दिसतात. सुईसारखं टोक सर्रास दिसू लागतं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे गुरांचे कळप हाकणं बंद होऊन साठेक वर्षं झाल्यावर! मधल्या काळात टॉम मिक्ससारखे मूकपटांतले नट, मग जीन ऑट्री आणि रॉय रॉजर्स, रोडिओचे खेळ आणि शहरी पर्यटकांना काउबॉय जीवनाची चव देणारी रँचेस येऊन गेली होती. बूट आता गुराख्याइतकाच प्रेक्षकाचाही झाला होता. फॅशन आधी आली आणि तिला ‘उपयोग’ नंतर चिकटवला गेला. माझी स्लाइड पडली ती इथे.

पण थांबा, उलट बाजूचाही एक पुरावा आहे. कॅन्ससमधल्या ओलेथ गावच्या हायर घराण्याची कथा अशी की 1875 मध्ये एक काउबॉय त्यांच्याकडे आला आणि त्याने टोकदार, उंच टाचेचा बूट करून मागितला. त्याच राज्यातलं कॉफीव्हिलही पहिल्या काउबॉय बुटाचा मान आपल्याकडे ओढतं. अशा कथा फेकून द्यायच्या नाहीत. पण दुकानाची कथा त्या दुकानाने स्वतःला कसं पाहिलं ते सांगते. प्रत्यक्षात काय शिवलं गेलं ते बघायला बूटच हातात घ्यावा लागतो. दोन्ही पुरावे ठेवा, फक्त एकाच फायलीत ठेवू नका.

संग्राहक या कामात आपल्यापेक्षा कितीतरी पुढे असतात. ते बूट उलटा करून आधी तळ बघतात. कमरेच्या भागात लाकडी खुंट्यांच्या ओळी आहेत का? मग आतला शिक्का, वर ओढायचे पट्टे, कडेची शिवण, पावलावरच्या टाक्यांची नक्षी. शेवटी जुन्या टपाल-विक्रीच्या कॅटलॉगशी ताडून बघतात. कॅटलॉगवर साल छापलेलं असतं, बुटावर सहसा नसतं.

लेबलचं एक उदाहरण सविस्तर घेऊ. एच. जे. जस्टिन यांनी 1879 मध्ये टेक्ससमधल्या स्पॅनिश फोर्ट इथे दुकान थाटलं. 1889 मध्ये ते रेल्वे आलेल्या नोकोना गावी गेले. स्वतःच्या पायाचं माप स्वतः घेऊन टपालाने पाठवायची सोय त्यांनी काढली आणि दूरदूरचं गिऱ्हाईक मिळवलं. 1925 मध्ये मुलांनी कंपनी फोर्ट वर्थला हलवली. मुलगी एनिड मात्र हटली नाही. तिने त्याच वर्षी गावातच नोकोना बूट कंपनी काढली. म्हणजे जस्टिनच्या लेबलवर फोर्ट वर्थ असेल तर तो बूट 1925 च्या आधीचा असूच शकत नाही. आणि ‘1879 पासून’ असं छापलेलं असेल तर ते कंपनीचं वय झालं, बुटाचं नव्हे. हसू नका, विक्रेते आणि विद्यार्थी दोघंही इथेच घसरतात.

त्याच लेबलवर आणखी एक इतिहास आहे. नोकोना हे नाव कोमांची प्रमुख पेटा नोकोना यांच्यावरून आलं. त्यांचा मुलगा क्वाना पार्कर 1875 मध्ये फोर्ट सिल इथे शरण आला आणि कोमांचींना राखीव प्रदेशात जावं लागलं. ज्या कुरणांवर गुरं आली ती रिकामी नव्हती. काउबॉयच्या इतिहासात हे एक वाक्यही न लिहिणारी पुस्तकं मी वाचली आहेत.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली, काय टिकलं आणि काय नाही. कामाचे बूट चिखलात, शेणात, पावसात वापरून संपले, तळ दोनदा बदलून मग फेकले गेले. कपाटात राहिले ते परेडचे, लग्नातले, फुलपाखरं आणि गरुड जडवलेले. टायलर बियर्ड यांच्या 1992 च्या ‘द काउबॉय बूट बुक’सारख्या सुंदर पुस्तकांतही डोळ्यांत भरतात ते असेच बूट. ते पाहून सगळे काउबॉय असे नटत असतील असं लिहिलंत तर व्हायवात अडकाल.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. 1980 मध्ये ‘अर्बन काउबॉय’ हा चित्रपट आला आणि शहरांत बुटांची लाट उसळली. त्या सुमाराच्या बुटांवर कातड्याचं नाव कधीकधी ‘अँटईटर’, म्हणजे मुंगीखाऊ, असं दिसतं. कातड्यावर चौकटीचौकटींचा ठसा असतो. तो दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ नव्हे, ते खवले मांजर आहे! ही कातडी मुख्यतः आग्नेय आशियातून यायची. त्याच कुळातलं खवले मांजर आपल्या कोकणातही आहे आणि भारतात त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आठही जातींच्या व्यापारावरची कडक आंतरराष्ट्रीय बंदी मात्र 2016 मध्ये ठरली. नोंदीत एक नाव बदललं की एक अख्खा प्राणी आणि त्याच्या शिकारीचा इतिहास दिसेनासा होतो. म्हणून तुम्ही जुन्या वस्तूंची यादी करत असाल तर लेबलवरचं नाव आणि खरं द्रव्य यांसाठी दोन वेगळे रकाने करा. मी आधी एकच केला होता, मग चारशेवर नोंदी पुन्हा बघत बसलो.

सिनॉप्सिस लिहिताना एवढं करून बघा. तुमच्या विषयातलं ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ एक वाक्य घ्या आणि त्याच्यासमोर लिहा, कोणती वस्तू, कुठली, किती सालची? रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. माझा तिसरा चॅप्टर अशाच एका रिकाम्या रकान्यातून निघाला. त्या मॅडम आता माझ्या गाईड आहेत.