सुवर्णशोधातील उधारी आणि वसुली

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात कोलोमा येथे, जॉन सटर यांच्यासाठी बांधल्या जात असलेल्या लाकूड कापण्याच्या गिरणीजवळ, २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल यांना सोन्याचे कण आढळले. पुढील काही वर्षांत लाखो लोकांनी तिकडे धाव घेतली. सोने जमिनीतून निघत होते. व्यापार मात्र बव्हंशी उधारीवर चालला होता.

सटर यांचे कर्ज

सटर स्वतःच कर्जबाजारी होते. रशियन-अमेरिकन कंपनीची फोर्ट रॉस येथील मालमत्ता त्यांनी १८४१ मध्ये ३० हजार डॉलरना हप्त्यांवर घेतली होती. हप्ते थकले. जप्ती टाळण्यासाठी १८४८ मध्ये त्यांनी आपली मालमत्ता मुलाच्या नावे केली. मुलाने वकील पीटर बर्नेट यांच्या मदतीने सॅक्रामेंटो शहराचे भूखंड विकले आणि त्या पैशांतून हे कर्ज १८४९ मध्ये फेडले. त्याच वर्षअखेर बर्नेट कॅलिफोर्नियाचे पहिले निर्वाचित गव्हर्नर झाले.

चलन व व्याज

नाण्यांची टंचाई असल्याने सोन्याची भुकटी तोलून देणीघेणी होत. टांकसाळीच्या हिशेबाने शुद्ध सोन्याच्या एका औंसाचे मूल्य सुमारे २० डॉलर ६७ सेंट होते. व्यापारी मात्र भुकटीला १६ डॉलरच्या आसपास भाव देत. प्रांताच्या १८४९ च्या राज्यघटनेने कागदी चलन काढण्यास मनाई केली. रोख रकमेच्या या दुर्भिक्ष्यात व्याजाचा दर काही वेळा दरमहा १० टक्क्यांपर्यंत पोहोचला. सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ १८५४ मध्ये सुरू झाली.

उधारीची साखळी

छावणीतील दुकानदार खाणकामगाराला शिधा व अवजारे उधार देई. काही वेळा त्याबदल्यात सापडणाऱ्या सोन्यात वाटा ठरे. दुकानदार शहरातील घाऊक व्यापाऱ्याचा, तर तो पूर्व किनाऱ्यावरील पेढ्यांचा देणेकरी असे. केप हॉर्नला वळसा घालून जहाज येण्यास अनेक महिने लागत. तोवर बाजारात मालाचा सुकाळ होऊन भाव कोसळलेले असत.

ऋणको नव्या खाणीकडे निघून गेला, की वसुली जवळजवळ अशक्य होई. फसवणुकीखेरीज केवळ कर्जापोटी कोणासही तुरुंगात टाकण्यास राज्यघटनेने बंदी केली होती. त्यामुळे धनकोचा भर मालमत्तेच्या जप्तीवर राहिला.

१८५५ चे संकट

सॅन फ्रान्सिस्कोतील बडे व्यावसायिक हेन्री मेग्ज ऑक्टोबर १८५४ मध्ये मोठे कर्ज मागे ठेवून जहाजाने पसार झाले. त्यांनी तारण ठेवलेले नगरपालिकेचे अनेक रोखे बनावट निघाले. फेब्रुवारी १८५५ मध्ये पेज, बेकन आणि कंपनी या पेढीच्या सेंट लुईस येथील मूळ संस्थेने व्यवहार थांबविल्याचे वृत्त आले आणि ठेवीदारांची झुंबड उडाली. ही पेढी बंद पडली. पाठोपाठ २३ फेब्रुवारीस ॲडम्स आणि कंपनीही बुडाली. तिच्या शिल्लक मालमत्तेचे वाद पुढे दीर्घकाळ न्यायालयांत चालले.

विल्यम शेर्मन हे, पुढे यादवी युद्धात सेनानी म्हणून गाजलेले गृहस्थ, तेव्हा तेथील एका पेढीचे व्यवस्थापक होते. मेग्ज यांना दिलेले बहुतेक कर्ज त्यांनी वेळीच वसूल केले होते. त्यांची पेढी या संकटातून तरली.