बॅरिस्टर बाईंपासून विधी स्वयंसेविकेपर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आग्रह आपल्या चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणणार होते. लोणची-पापडांचे प्रमाण किंवा भोंडल्याच्या आठवणी लिहिणाऱ्या भगिनी माझ्यापेक्षा अधिक चांगल्या आहेत. परंतु त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही उतारवयात कोर्टात जाऊन कसलेसे शिक्षण घेतलेत, त्याचेच लिहा." त्यांच्या मनात माझी हकीकत असावी. लिहावयास बसल्यावर मात्र ध्यानात आले, की ही हकीकत माझ्या एकटीची नाही. तिच्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा आरंभ आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे. तो आधी सांगते.

त्याआधी एक घरची गोष्ट. माझे आजोबा 1968 मध्ये वारले. त्यांची थोडी भातशेती होती. पुढच्या वर्षी माझ्या आत्याला सासरहून बोलावणे गेले. गोडाधोडाचे जेवण झाले, नवे लुगडे दिले आणि दुसऱ्या दिवशी तिला बैलगाडीतून कचेरीत नेले. मी दहा वर्षांची होते, हट्ट करून बरोबर गेले होते. कारकुनाने कागद पुढे केला, बोट ठेवून जागा दाखविली आणि आत्याने आपले नाव लिहिले. ती तिसरीपर्यंत शिकलेली होती, तेव्हा सही करता येते याचा तिला अभिमानच वाटला. त्या कागदावर काय लिहिले आहे हे तिने विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. ते हक्कसोडपत्र होते. पुढे सहा वर्षांनी ती विधवा होऊन दोन मुलांसह माहेरी आली, तेव्हा ज्या शेतात तिचा कायदेशीर वाटा होता त्याच शेतात तिने मजुरीने लावणी केली. माझे वडील दुष्ट नव्हते. जगाची रीतच तशी, असे ते समजत. वाटा होता, हेच आत्याला मरेपर्यंत ठाऊक नव्हते.

आता इतिहासाकडे वळू.

मुंबईच्या रखमाबाईंचे नाव आपल्यापैकी पुष्कळींनी ऐकले असेल. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, पण त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. 1884 मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी त्यांच्यावर मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर तो फिरला आणि मार्च 1887 मध्ये हुकूम झाला, की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला! अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे विलायतेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. या खटल्यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सारा देश ज्या स्त्रीविषयी वाद घालीत होता, तिच्या बाजूने उभी राहील अशी एकही स्त्री वकील त्या कोर्टात नव्हती. असण्याची सोयच नव्हती.

ती वाट ज्यांनी पाडावयास घेतली, त्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 मध्ये नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील त्या पहिल्या विद्यार्थिनी. परीक्षेत त्या वर आल्या, पण विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली. तिकडच्या हितचिंतकांनी वर्गणी जमविली, तेव्हा 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. 1892 मध्ये कायद्याची वरची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांना पदव्या देण्यास ऑक्सफर्डने 1920 साली आरंभ केला, तोपर्यंत त्यांचे हात रिकामेच. स्वदेशी परतल्यावरही कोर्टात उभे राहण्याची मुभा त्यांना नव्हती. मग 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारस व पडद्यातील विधवा यांच्या मालमत्तेची देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांनी नोकरी धरली. पडद्याआड बसून त्या बायकांच्या तक्रारी ऐकावयाच्या, कागद लावून द्यावयाचे, अर्ज लिहावयाचे आणि पुढे कोणाकडे जावे ते सांगावयाचे, हे त्यांचे काम. सुमारे सहाशे स्त्रियांना त्यांनी असे साह्य केले.

भगिनींनो, वकिलाच्या खालोखाल राहून, कोर्टात न बोलता, अडलेल्या माणसाला कायद्याच्या दारापर्यंत नेऊन सोडणे, यालाच आज विधी सहायकाचे काम म्हणतात. एवढी विद्वान बाई हे काम नाइलाजाने करीत होती. पण ते किती मोलाचे आहे, हे तिनेच प्रथम दाखवून दिले.

1923 मध्ये कायदा होऊन स्त्रियांना वकिलीचा दरवाजा उघडला. पुढच्याच वर्षी मिठन टाटा, विवाहानंतरच्या मिठन लाम, मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई झाल्या. 1947 मध्ये मुंबईच्या नगरपालाचा, म्हणजे शेरीफचा, मान त्यांना मिळाला.

तथापि बॅरिस्टर बाई झाल्या म्हणून आमच्या आत्याला काय मिळाले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते रखडले तेव्हा 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे त्याचेच तुकडे होऊन 1955 व 1956 मध्ये वेगवेगळे कायदे झाले. 1956 च्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत लेकीला वारस ठरविले. आत्याची सही 1969 ची. म्हणजे कायदा होऊन तेरा वर्षे लोटली होती! दिल्लीहून निघालेला कायदा आमच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला नव्हता. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण त्यातून आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. कायदा पुढे पुढे गेला. आत्याची सही मात्र होती तेथेच राहिली.

कायदा व उंबरठा यांमधले हे अंतर कोणी ओळखलेच नव्हते असे नाही. गरिबांना फुकट सल्ला कसा द्यावा, हे ठरविण्यासाठी मुंबई सरकारने 1949 मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली होती. गमत अशी, की वीसेक वर्षांनी गुजरातेत याच कामासाठी जी समिती झाली, तिचे अध्यक्षपद त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्याकडे आले. 1973 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. 1976 मध्ये घटनेत 39-अ हे कलम घालून मोफत कायदेशीर मदत हे सरकारचे कर्तव्य ठरले. 1987 मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व तो 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. या कायद्याचे बारावे कलम प्रत्येकीने पाठ करून ठेवावे असे आहे. स्त्री व बालक यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. श्रीमंत असो वा गरीब, स्त्री आहे एवढे पुरे.

मध्यंतरी स्त्रियाही स्वस्थ बसल्या नव्हत्या. 1972 मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, तेव्हा 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यांत वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर ही दोन मराठी माणसे होती. ते पत्र हाती घेऊन गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. वसुधाताईंनी पुढे सामान्य माणसाला कायदा समजावून देण्याच्या कामाला वाहून घेतले.

सातासमुद्रापलीकडे हेच काम पोटापाण्याचा व्यवसाय झाले. अमेरिकेत 1968 पासून तेथील वकिलांच्या संघटनेने अशा मदतनिसांचा विचार सुरू केला आणि गावोगावच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतून त्यांचे वर्ग निघाले. नोकरी करणाऱ्या, मुले मोठी झालेल्या बायका संध्याकाळी जाऊन ते शिकतात. त्यांना पॅरालीगल म्हणतात. आपल्याकडे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने तशी पदविका काढली. आणि 2009 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आखली. तिच्यात अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षिका, बचत गटातल्या बायका, विद्यार्थी, कोणीही येऊ शकते. वकिलीची सनद लागत नाही. लिहितावाचता येणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची तयारी, ही मुख्य पात्रता.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी अर्ज केला. मांजर्लीहून रिक्षा, मग बदलापूरची लोकल, असा प्रवास करीत मी त्या वर्गाला गेले. पाय दुखत, पण मन रमे. फिर्याद म्हणजे काय, अटक कशी होते, जामीन कशाला म्हणतात, पोटगीचा अर्ज कोठे करावा, घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याने राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही ते कसे, हे सर्व शिकविले. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवाद सोडल्यास, अटक करता येत नाही. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाराला फुकट मिळते. असे बारीकसारीक पुष्कळ. मला सर्वांत कठीण गेले ते मात्र वेगळेच. शिकविणारे वकील म्हणत, "ठाऊक नसेल तेथे ठाऊक नाही म्हणा आणि वकिलाकडे न्या." आयुष्यभर वर्गात उत्तरे देण्याची सवय लागलेल्या माझ्यासारखीला हे शिकावयास वेळ लागला.

ओळखपत्र मिळाले म्हणून सर्वत्र मान मिळतो असे नव्हे. एका कचेरीत एका शेजारणीबरोबर गेले, तर तेथील गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटले, "मी कोणी नाही. कागद वाचून दाखवावयास आले आहे." ते हसले, पण कागद दिला.

ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या बदलापुरात दोन चिमुकल्या मुलींच्या बाबतीत जे घडले, त्याविषयी अधिक लिहवत नाही. 20 तारखेला संतापलेल्या लोकांनी स्थानकावर गाड्या रोखल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले. तक्रार नोंदविण्यास उशीर का झाला, असा सवाल उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेऊन केला. हरवलेल्या बालकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच पोलीस ठाण्यात विधी स्वयंसेवक असावेत असे सांगितले होते. त्या दिवसापासून मला एकच वाटते. भेदरलेली आई ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तिच्याशेजारी एक जाणती बाई बसलेली असली पाहिजे.

शेवटी आपल्या मांजर्लीचीच एक गोष्ट सांगून पुरे करते. येथे जेथे भात पिके तेथे आता इमारती उभ्या आहेत. जमिनीला मोल आले, तशी बहिणींना माहेरची बोलावणीही वाढली. परवाच्या दिवाळीनंतर दोघी बहिणी एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. धाकटी म्हणाली, "काकू, नुसती सही करायची आहे म्हणतात."

कागद उघडला. हक्कसोडपत्र! क्षणभर मला बैलगाडी दिसली, नवे लुगडे दिसले. सही करू नका, असे जिभेवर आले होते. पण तो माझा अधिकार नव्हता. मी ओळ न् ओळ वाचून दाखविली. तुमचा वाटा किती, सही केल्यावर काय जाईल, ती परत घेणे किती अवघड, एवढेच सांगितले आणि मोफत वकिलाचा पत्ता दिला. थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भावाने आईचे दुखणे काढले. मी समजून देते." तिने सही केली. धाकटीने केली नाही. तिला वकिलाशी बोलावयाचे होते. दोघींचे मला सारखेच समाधान वाटले. आत्यालाही कदाचित वाटा सोडावासाच वाटला असता. पण तो तिचा आहे, हे तिला आधी कोणीतरी सांगावयास हवे होते.

आपल्या मंडळात भजन आहे, हळदीकुंकू आहे, शिवणाचा वर्ग आहे. त्यांच्या जोडीला आठवड्यातून एक तास कागद वाचण्याचा असावा, अशी माझी विनंती आहे. घरात आलेला कोणताही कागद, बँकेचा, सोसायटीचा, तलाठ्याकडचा, घेऊन यावे व एकमेकींना वाचून दाखवावा. न समजल्यास 15100 या क्रमांकावर विधी सेवेला विचारावे. आणि दोघीतिघींनी तरी पुढच्या वर्गाला नाव घालावे. माझे गुडघे आता फार दिवस साथ देणार नाहीत. माझी पिशवी उचलणारी कोणीतरी हवी आहे.