उडत्या गोळीचे छायाचित्रण : एका युद्धकालीन आरोपाची वैज्ञानिक तपासणी

बंदुकीतून सुटणारी गोळी मंदगतीने दाखविणारी चलच्चित्रे आज सर्वपरिचित झाली आहेत. हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९६४ मध्ये टिपलेले, सफरचंद भेदून बाहेर पडणाऱ्या गोळीचे छायाचित्रही अनेकांच्या पाहण्यात आले असेल. ह्या तंत्राचा इतिहास बहुधा कॅमेऱ्याच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्याचा आरंभ पाहिला असता असे दिसते की, येथे साधनाच्या आधी प्रश्न उपस्थित झाला होता. आणि तो प्रश्न केवळ भौतिकशास्त्राचा नव्हता, तर करारभंगाच्या एका गंभीर आरोपाशी निगडित होता.

१८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमहून कमी वजनाची स्फोटक अस्त्रे युद्धात वापरण्यास मनाई केली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले (१८७०-७१). ह्या युद्धात फ्रेंचांच्या शास्पो बंदुकीच्या गोळ्यांनी झालेल्या जखमा विवरासारख्या खोल व विस्तृत असल्याचे आढळले. उभय पक्षांनी परस्परांवर निषिद्ध स्फोटक गोळ्या वापरल्याचा आरोप केला. आरोप खरा असेल तर करारभंग सिद्ध होणार होता. खोटा असेल तर साध्या गोळीने एवढी हानी कशी होते, हे सांगावे लागणार होते.

बेल्जियन शास्त्रज्ञ मेल्सेन्स यांनी ह्या दुसऱ्या शक्यतेला अनुकूल असे एक अनुमान मांडले. वेगवान गोळी आपल्यापुढे दाबलेल्या हवेचा एक गोळा वाहून नेते व ती हवा शरीरात शिरून स्फोटासारखा परिणाम घडविते, असे त्यांचे मत होते. प्राग येथील भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८८१ मध्ये पॅरिसला त्यांचे विवेचन ऐकले. हवा डोळ्यांना दिसत नाही आणि गोळीही दिसत नाही. मग ह्या अनुमानाची परीक्षा करावी कशी?

परीक्षेची दोन साधने त्या काळी उपलब्ध होती. फॉक्स टॅल्बट यांनी १८५१ मध्येच विद्युत्-ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात वेगाने फिरणाऱ्या छापील कागदाचे स्पष्ट छायाचित्र घेतले होते. आउगुस्ट टेप्लर यांनी १८६४ च्या सुमारास हवेच्या घनतेतील सूक्ष्म भेद छायाप्रकाशाच्या रूपाने दाखविणारी रचना सिद्ध केली होती. माख यांनी ह्या दोहोंचा मेळ घातला. तथापि प्रागमधील त्यांच्या आरंभीच्या प्रयोगांत गोळीचा वेग ध्वनिवेगाहून कमी असल्याने तिच्यापुढे काहीच दिसले नाही. अधिक वेगाची गोळी आवश्यक आहे हे ओळखून त्यांनी फ्यूमे (आजच्या क्रोएशियातील रिएका) येथील नौदल अकादमीतील प्राध्यापक पेटर साल्खर यांच्याशी पत्रव्यवहार केला. साल्खर यांनी १८८६ मध्ये तेथे हे प्रयोग यशस्वी केले. त्यांच्या रचनेत स्वतः गोळीच विद्युन्मंडल पूर्ण करी, लायडन बरणीतील विद्युत् मुक्त होई आणि ठिणगी पडे. सेकंदाला ५०० मीटर जाणारी गोळी एका सेकंदाच्या दशलक्षांश भागातही अर्धा मिलिमीटर सरकते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या योजनेतील अडचण कळून येते.

उमटलेल्या चित्रांत गोळीच्या अग्रापुढे वक्राकार तरंगरेषा व मागे भोवऱ्यांची माळ स्पष्ट दिसत होती. १८८७ मध्ये माख व साल्खर यांचा प्रबंध व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे आला. मेल्सेन्स यांचे अनुमान येथे अर्धेच खरे ठरले. गोळीपुढे हवा दाबली जाते हे खरे. परंतु ती गोळीबरोबर वाहून नेलेली हवा नव्हे. नावेपुढील लाटेत पाणी क्षणोक्षणी नवे असते, आकृती तेवढी टिकते. तसाच हा तरंग होय. बंदूक झाडल्यावर ऐकू येणाऱ्या दोन आवाजांचाही उलगडा झाला : एक नळीच्या तोंडाशी होणाऱ्या स्फोटाचा, दुसरा ह्या अग्रतरंगाचा. जखमांचे कारण दुसरीकडे शोधावे लागले. स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर व इतर संशोधकांनी पाण्याने भरलेल्या पात्रांवर गोळ्या झाडून दाखविले की, वेगवान गोळी शरीरातील द्रवयुक्त भागास जो जोराचा धक्का देते त्यानेच स्फोटासारखा परिणाम होतो. अशा जखमेवरून स्फोटक गोळी वापरल्याचा निष्कर्ष काढणे त्यामुळे अवघड झाले.

मात्र एका ठिणगीचे चित्र एकाच क्षणाची साक्ष देते. काय आधी घडले व काय नंतर, हे सांगावयास एकाच बाराची चित्रमालिका हवी. बर्लिनच्या लष्करी तांत्रिक अकादमीतील कार्ल क्रान्त्स यांनी १९०९ च्या सुमारास ठिणग्यांच्या जलद मालिकेने, सरकत्या फिल्मवर सेकंदाला सुमारे ५,००० चित्रे घेणारी यंत्रणा उभारली. ती चित्रे त्या काळच्या रीतीप्रमाणे सेकंदाला १६ ह्या गतीने दाखविली तर एक सेकंद पाच मिनिटांहून अधिक लांबतो. मंदगती चित्रणाची दुसरी धारा ऑस्ट्रियन धर्मोपदेशक आउगुस्ट मुस्गर यांच्या १९०४ च्या एकस्वापासून निघते. पुढे ड्रेस्डेनमध्ये हान्स लेहमान यांनी ती विकसित केली व तिला ‘त्साइटलूपे’, म्हणजे ‘काळाचे भिंग’, हे नाव मिळाले.

हे भिंगही सर्वदर्शी नाही. सेकंदाला ५,००० चित्रे घेतली तरी दोन चित्रांच्या दरम्यान उपर्युक्त गोळी १० सेंटिमीटर पुढे जाते आणि त्या अंतरात घडलेले काहीही नोंदले जात नाही. म्हणून चित्राचा अर्थ लावताना ते कोणत्या प्रश्नाच्या उत्तरार्थ घेतले, प्रकाश किती काळ होता व चित्राचित्रांत अंतर किती, ह्या तीन गोष्टी प्रथम पाहाव्या लागतात. इतिहासाच्या अभ्यासकास ही दक्षता अपरिचित नाही. कागदपत्रांच्या बाबतीत तो ती नेहमीच बाळगतो. १८७० च्या रणभूमीवर जखम प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष खोटी नव्हती. तिच्यावरून काढलेले अनुमान तेवढे घाईचे होते. ह्या दोहोंतील भेद दाखवून देणे, हेच माख-साल्खर यांच्या चिमुकल्या काचांचे ऐतिहासिक कार्य होय.