पालघरमधला पहिल्या पिस्तुलाचा परवाना

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई केली. युरोपियनांना मात्र सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तरी परवान्याचा फास कायम राहिला. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाई. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि हे काम पालघरला आले. पोलीस चौकशीत जिवाला धोका का, याचे उत्तर द्यावे लागते. गल्ल्यात रोकड असते एवढ्यावर भागत नाही.

परवाना मिळाला तरी निवड तोकडीच. ९ मिमीसारखी लष्करी काडतुसे नागरिकांना वर्ज्य, म्हणून नजर ठरते ती .३२ वर. १९८० च्या दशकाच्या मध्यात आयात थांबली आणि आधी आलेली विलायती पिस्तुले, कितीही झिजलेली असोत, सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. बाकीच्यांसाठी सरकारी कारखान्यांचा माल होता. कानपूरचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून बाजारात आले: वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. एवढ्या किमतीत ते कोणत्या महिलांसाठी होते, हा प्रश्नच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुका-पिस्तुलांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.