टकळीची शाळा

टकळी हा शब्द आपल्या भाषेत दोन घरी नांदतो. एका घरी ती सूत कातावयाची टकळी. वीतभर सळई आणि तिच्या बुडाशी नाण्याएवढी चकती, एवढाच तिचा संसार. दुसऱ्या घरी ती तोंडाची टकळी. तिला ना सळई लागते ना पेळू, आणि ती एकदा सुरू झाली की थांबण्याचे नाव घेत नाही. आम्हां शाळामास्तरांचा या दुसऱ्या टकळीशी जन्माचा ऋणानुबंध. पहिली टकळी वर्गात आणून दुसरीला थोडी विश्रांती द्यावी, असा एक मोठा प्रयोग आमच्या विदर्भातच, वर्ध्याला झाला. त्याची हकीकत आजच्या आईबापांनीही ऐकण्यासारखी आहे.

साल १९३७. प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती. गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळच्या शेगावात राहत होते. बुलढाण्याकडच्या गजाननमहाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जात, म्हणून १९४० साली त्या गावाचे सेवाग्राम झाले. दिवाळीच्या तोंडावर, २२ आणि २३ ऑक्टोबरला, वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष; समोर शिक्षणमंत्री आणि शिक्षणतज्ज्ञ. गांधीजींचे म्हणणे थोडक्यात असे होते : मुलाला सात वर्षे मातृभाषेतून शिक्षण द्या, आणि ते एखाद्या हातउद्योगाच्या द्वारे द्या. उद्योगातून निघालेल्या मालावर शाळेने होईल तितका आपला खर्चही भागवावा.

परिषदेने दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, आणि शांतिनिकेतनाचा अनुभव घेऊन आलेले आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य तिच्यात होते. डिसेंबरात अहवाल तयार झाला. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजनेवर संमतीचा शिक्का उठविला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. हीच पुढे ‘नयी तालीम’ म्हणून, आणि मराठी मुलखात ‘मूलोद्योग शिक्षण’ म्हणून ओळखली गेली.

समितीने आखलेले वेळापत्रक आज वाचले तरी मास्तरांच्या भुवया वर चढतात. शाळा रोज साडेपाच तासांची. त्यांतले तीन तास वीस मिनिटे एकट्या उद्योगाला! मातृभाषेला चाळीस मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान मिळून तीस. कोणी म्हणेल, मग पोरे शिकणार केव्हा? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात होते : समवाय. उद्योग एकीकडे आणि विषय दुसरीकडे असे नव्हेच. उद्योग करता करता जो प्रश्न उभा राहील, त्याचे उत्तर म्हणून विषय यावयाचा.

हे नुसते सांगून पटत नाही, तेव्हा आमच्या वऱ्हाडातले कापसाचे एक बोंड हातात घेऊ. मुलांनी बोंडे वेचली, सरकी काढली, दोन्ही तोलली. शंभर किलो कापसातून रुई साधारण तेहतीस-चौतीस किलोच निघते. बाकी बहुतेक सरकी. झाली की नाही शेकडेवारी? पुढे रुईचे पेळू झाले आणि टकळी फिरू लागली. चार फुटांचा एक तार आणि अशा ६४० तारांची एक गुंडी, हे तेव्हाचे माप. म्हणजे गुंडीत सूत किती? २५६० फूट, आजच्या मापाने सुमारे ७८० मीटर. हा गुणाकार पुस्तकातला नव्हे. उत्तर चुकले तर स्वतःच कातलेले सूत कमी भरते, म्हणून पोर तो जीव लावून करते. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस नंबरी सुताचा एक पौंड उलगडला तर पंधरा किलोमीटरांहून लांब जाईल, हे ऐकून वर्गाचे डोळे मोठे होतात, आणि मास्तरांनी ‘सिद्ध करा’ म्हणण्याआधीच पाट्या निघतात.

आता इतिहास. हा कापूस जातो कोठे? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. खामगावच्या कापूसबाजारासाठी १८७० साली वेगळा फाटा निघाला, आणि तो उघडावयाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला पूर्वी जात असे ती आपली लाडकी शकुंतला गाडी, तिचा जन्मही या कापसापायीच. भूगोल तर नकाशावर बोट ठेवताच हजर. भाषा? सूत जुळणे, सुतावरून स्वर्ग गाठणे आणि आपली ती तोंडाची टकळी. अर्थ घोकावयाची गरजच नाही. एका बोंडात एवढे वर्ग भरतात.

मग हे सारे गेले कोठे? आक्षेप पहिल्या दिवसापासून होते. पोरांच्या मालावर शाळा चालवू लागलो तर मास्तराचा मुकादम होईल, हे भय परिषदेतच बोलून दाखविले गेले, प्रा. के. टी. शहांनी विरोध नोंदविला. पैशाच्या हिशेबात शिक्षणाचा बळी जाऊ नये, असा इशारा खुद्द झाकीर हुसेन समितीने दिला होता. पण मला याहून जिव्हारी लागणारा वाटतो तो खेड्यातल्या बापाचा सवाल : “मास्तर, जन्मभर आम्ही हातच राबविले. पोरालाही तेच करावयाचे, तर शाळेत कशाला धाडू?” शहरातल्या मुलाच्या हाती इंग्रजी पुस्तक आणि खेड्यातल्या मुलाच्या हाती टकळी, अशी वाटणी होऊ लागली, तर त्या बापाचे काय चुकले? गांधीजींना ही वाटणी मोडावयाची होती. पण उद्योग सगळ्यांचा झाला नाही, तेव्हा तो गरिबांचाच उरला.

दुसरे दुखणे समवायाचे. तो साधावयाला मास्तरांची तयारी लागते; बोंड हातात घेण्याआधी त्यातले इतिहास-गणित त्यांनी स्वतः शोधलेले असावे लागते. ते सर्वत्र जमले नाही. राज्यातल्या अनेक जुन्या शाळांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही अक्षरे आजही दिसतात. आत मात्र टकळी एका तासाला कोंडली गेली आणि विषय पुन्हा पुस्तकात जाऊन बसले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द आणला. मुलांनी पुठ्ठ्याचे घर केले, गुण मिळाले, घर कपाटावर गेले. त्या घराच्या भिंतींचे क्षेत्रफळ त्यांना कोणी विचारले नाही.

पण बी अगदीच करपले असे नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभिले आणि १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मोंतेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर कोठून आणावयाची? त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली. आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळा! पुढे १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. तेथे मुले जोडकाम, शेती, ऊर्जा, आरोग्य यांची कामे शिकू लागली, आणि गावाच्या खऱ्या गरजा भागविता भागविता विज्ञान शिकू लागली. येथे हाताचे काम गरिबीची खूण राहिले नाही. ते विद्येचे दार झाले. सेवाग्रामलाही २००५ साली आनंद निकेतन ही शाळा नव्याने सुरू झाली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावयास सांगितले आहे.

त्या दहा दिवसांत करावयाचे काय? आमच्या आसेगावच्या बाजूला कापसाची बरीच जागा आता सोयाबीनने घेतली आहे. म्हणून बोंडच पाहिजे असा हट्ट नको. सोयाबीनचे झाड मुळासकट उपटून मुळांवरच्या गाठी दाखवाव्या. हवेतले नत्र झाडाला मिळवून देणारे जिवाणू त्यांत राहतात. शाळेच्या पटांगणात दोरीने ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन आखावा. तो एक गुंठा, आणि असे चाळीस म्हणजे एक एकर. ज्या गुंठ्यांवरून भाऊबंदकीत कोर्टकचेऱ्या होतात, तो गुंठा केवढा असतो हे निदान पोराने एकदा चालून पाहावे! मात्र दोरी गुंडाळल्यावर मास्तरांनी घरी जाऊ नये. चौरस फूट किती झाले, हे विचारावे. सातबाऱ्यावर ते कसे लिहितात, हे दाखवावे. जमीन मोजावयाची गरज राजाला का पडली, हेही सांगावे. हात थांबले की प्रश्न सुरू व्हावेत. नयी तालीमची सारी शक्ती त्या जोडात होती, आणि तो जोड निखळला तेथेच ती हरली.

आणि हे काम एकट्या मास्तरांचे थोडेच आहे? या सुट्टीत घरोघर आकाशकंदिलाच्या काड्या तासल्या जातील, कागद कातरले जातील, खळीने पोरांचे हात बरबटतील. तयार कंदील बाजारात मिळतो, हे खरे. तरी एक कंदील पोरांच्या हातून होऊ द्या, आणि काडी कापण्यापूर्वी एवढेच विचारा : किती लांब, आणि का?