फोर्ट विल्यम कॉलेजातील संभाषणपाठ : वर्गाची भाषा आणि कचेरीची भाषा

ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रायटर’ हिंदुस्थानात उतरत ते ऐन किशोरवयात. हिशेब आणि पत्रव्यवहार यांपुरतेच शिक्षण घेतलेल्या या मुलांवर पुढे महसूल व न्यायदानाची जबाबदारी पडे. या विसंगतीवर उपाय म्हणून लॉर्ड वेलस्लीने 1800 मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. एतद्देशीय भाषांच्या अध्यापनाचे हे मोठे केंद्र अशा रीतीने नोकरीच्या गरजेतून जन्मास आले. वाङ्मयनिर्मिती हा त्याचा हेतू नव्हताच.

या कॉलेजाच्या चर्चेत मीर अम्मनचा ‘बाग-ओ-बहार’ आणि लल्लूलालांचा ‘प्रेमसागर’ अग्रस्थानी असतात. संभाषणपाठ मात्र तुलनेने उपेक्षित राहिले. विल्यम कॅरेने 1801 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कथोपकथन’ या बंगाली पुस्तकात जमीनदार आणि रयत, सावकार आणि ऋणको, सोयरीक जुळविणारे, मजूर, बाजारास निघालेल्या स्त्रिया बोलतात; इतकेच नव्हे, तर त्यात बायकांचे कडाक्याचे भांडणही आहे. भावी अधिकाऱ्याला भांडणाची भाषा शिकवावी, ही कल्पना संस्कृत किंवा लॅटिन अध्यापनाच्या तत्कालीन चौकटीत बसणारी नव्हती. परंतु कचेरीत उभा राहणारा रयत काही ‘हितोपदेशा’च्या भाषेत गाऱ्हाणे मांडणार नव्हता. घरगुती विषयांवरील संभाषणे आपण एतद्देशीय जाणकारांकडून रचून घेतली, असे कॅरेने प्रस्तावनेत सांगितले आहे; त्यांची नावे मात्र दिलेली नाहीत. बंगाली गद्याच्या इतिहासात या अनामिकांचे ऋण कॅरेच्या खाती जमा झाले, हे विसरता येत नाही.

मराठीच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता. 1802 चा वसईचा तह आणि पाठोपाठचे इंग्रज-मराठा युद्ध यांमुळे मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची निकड वाढली. 1805 मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालेल्या आपल्या मराठी व्याकरणालाही कॅरेने परिचित विषयांवरील संभाषणे जोडली. पण बंगाली शिकणारा विद्यार्थी वर्गाबाहेर पडला, की तीच भाषा त्याच्या कानांवर पडे. मराठी शिकणाऱ्याला ती सोय नव्हती. त्याच्यापुरता महाराष्ट्र म्हणजे पंडित वैजनाथ आणि हाती असलेले पुस्तक. स्वतः कॅरेही 1793 पासून बंगालमध्येच राहिलेला.

तरीही व्यवहाराशी असलेला धागा त्याने एका ठिकाणी पक्का धरला. 1810 च्या त्याच्या मराठी कोशातील शब्द मोडी लिपीत छापले गेले. पत्रे, हिशेब, सनदा ज्या लिपीत लिहिल्या जात, तीच विद्यार्थ्याच्या डोळ्यांना सरावाची व्हावी, ही निवड नोकरीच्या दृष्टीने अचूक होती.

कंपनीच्या संचालकांना या कॉलेजाचा खर्च आरंभापासूनच खुपत होता. 1806 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे स्वतंत्र कॉलेज सुरू झाल्यावर कलकत्त्याचे कार्यक्षेत्र आक्रसले आणि 1854 मध्ये ते बंद झाले. दरम्यान मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये मुंबईत देवनागरीत छापला गेला होता. मुंबई इलाख्यातील मराठी दप्तर मात्र विसाव्या शतकापर्यंत मोडीतच लिहिले जात राहिले.