वादळी वाऱ्यातील घरांची तपासणी व निगा : शिरगाव (मावळ)

चक्रीवादळ, वळीव आणि पावसाळी झड यांत घराचे छप्पर, भिंती व आसपासची झाडे टिकावीत म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि वादळानंतर करावयाची पाहणी व डागडुजी. पुणे जिल्ह्यातील शिरगाव (ता. मावळ) हे सोमाटणे फाट्याजवळचे पवनाकाठचे गाव, बाहेरच्यांना ते ‘प्रतिशिर्डी’च्या साईमंदिरामुळे ठाऊक आहे. समुद्र येथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरांच्या आसपास, आणि मध्ये सह्याद्री. चक्रीवादळाची काळजी कोकणाने करावी, घाटमाथ्याने पावसाची, अशीच मावळाची धारणा होती. ३ जून २०२० रोजी तिला तडा गेला.

त्या दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि रायगडातून घाट ओलांडून पुणे व पुढे नाशिक जिल्ह्याकडे सरकले. मृगाला चार दिवस उरले होते. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस फाटली, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. शेजारच्या खेड तालुक्यात घराची भिंत कोसळून एका वृद्धेचा बळी गेला. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आणि त्यानंतर मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ ही वादळे महाराष्ट्राच्या किनाऱ्याला भिडून किंवा घासून गेली. तरीही शिरगावच्या घराची परीक्षा खरी घेतो तो एप्रिल-मे महिन्यांतला वळीव. तो दरसाल येतो, पूर्वसूचना जेमतेम तासा-दोन तासांची मिळते, आणि दहा मिनिटांत एखाद्या आळीचे पत्रे शेतात नेऊन टाकतो.

भारतीय मानक आय.एस. ८७५ (भाग ३, सुधारित आवृत्ती २०१५) मध्ये देशाची वाऱ्याच्या वेगानुसार विभागणी केली आहे. मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, तर पुण्यासाठी ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरतात. हा वेग जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा, तीन सेकंदांच्या झोताचा असतो. चक्रीवादळासाठी जादा गुणक लावण्याची तरतूद या मानकात पूर्व किनारा आणि गुजरातपुरती आहे. महाराष्ट्राचा किनाराच तीत नाही, तेथे मावळाची काय कथा.

वारा छप्पर दाबत नाही, ते वर ओढतो, ही गोष्ट गवंड्यांनाही पटवून द्यावी लागते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तीन बाय दहा फुटांचा साधा पत्रा बारा-तेरा किलोंचा असतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात त्याला वर खेचणारा जोर सव्वाशे किलोंच्या घरात जाऊ शकतो, आणि कडेला व कोपऱ्यांवर त्याहूनही अधिक. मावळात पत्र्यावर धोंडे ठेवण्याची सर्रास रीत आहे. पाच-दहा किलोंचा धोंडा फडफड थांबवतो, वादळ नव्हे. पत्र्याबरोबर तो गडगडत खाली आला तर डोकी फोडतो. धोंडे काढून हूक वाढवणे हीच शिरगावातल्या बहुतेक जुन्या छपरांची पहिली दुरुस्ती ठरावी.

पूर्वी कौलारू घरांची शाकारणी मृगाआधी व्हायचीच. फुटकी कौले बदलत, कोने चुन्यात बसवत, वासे ठोकून पाहत. छपरावर माणूस चढल्याने वाळवी लागलेला वासा, सडलेले आढे, सरकलेली रीप आपोआप नजरेस पडे. पत्रा आला आणि ही वार्षिक चढाई बंद पडली. पत्र्याला काही होत नाही, हा समज त्यामागे असतो. पत्र्याला खरेच फारसे होत नाही; होते ते त्याच्या हुकांना. डांबरी वॉशर तीन-चार उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतो, भोकातून पाणी झिरपते, जे-हुकाचा आटा गंजतो आणि खालचा लाकडी वासा त्याच जागी मऊ पडतो. तपासणी करणाऱ्याने म्हणून पत्रा नव्हे, हुकाभोवतीचा तांबूस डाग पाहावा. पान्याने नट फिरवून पाहिला आणि तो आट्यासकट हातात आला, तर त्या रांगेतले बाकीचेही बदलावेत. कडेच्या व आढ्यालगतच्या रांगांत हूक दाट हवेत. पत्रा पाइपाला घट्ट आहे, पण पाइप भिंतीत नुसता सिमेंटने चिकटवला आहे, असेही पुष्कळदा आढळते. मग वादळात पत्रे पाइपांसकट उचलले जातात. पाइप किंवा वासा लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला बांधलेला असावा.

वळचणीबाबत मावळाची खरी अडचण आहे. आडव्या पावसापासून मातीची भिंत वाचवायची तर वळचण लांब हवी. वाऱ्याच्या दृष्टीने ती जितकी लांब तितका खालून उचल जास्त. पवन मावळात पश्चिमेकडे जाल तसा पाऊस वाढतो आणि वळचणीही लांबतात. दीड-दोन फुटांपुढची वळचण ठेवायचीच असेल, तर तिला खालून खांब किंवा टेकू देऊन तो पायाशी जखडावा. पश्चिमेच्या बाजूला पावसाळ्यापुरती ताडपत्री लावतात, ती छपराच्या पाइपाला बांधू नये. शिडासारखी फुगून ती छप्परच ओढते.

भिंतींत सर्वांत धोक्याची ती आढ्याखालची त्रिकोणी भिंत. तिला वरून बांध नसतो, वारा तिच्यावर थेट येतो. जुन्या भेंड्याच्या किंवा दगड-मातीच्या घरांत पायाशी घुशींची बिळे, पोपडे, ओल चढलेली रेघ आणि फुगवटा पाहावा. फुगलेल्या भिंतीवर नुसता गिलावा मारून ती सरळ दिसते, उभी राहात नाही. नदीकडच्या घरांना पवनेच्या पुराची ओल याशिवाय असते.

सोमाटणे-शिरगाव पट्ट्यात आता बंगले व गृहसंकुले वाढली आहेत. त्यांची दुखणी निराळी. गच्चीवरची रिकामी प्लॅस्टिकची टाकी वाऱ्यात उडते, म्हणून वादळाचा इशारा येताच ती भरून ठेवावी. सौर पाणीतापकाच्या व पॅनलच्या चौकटीचे बोल्ट, सरकत्या खिडक्यांच्या खाचा, गच्चीच्या पन्हळी पावसाळ्यापूर्वी पाहाव्यात. वाऱ्याकडची खिडकी फुटली की आत शिरलेला वारा छपराला आतूनही ढकलतो. आठवडी सुटीपुरते उघडणारे बंगले या बाबतीत सर्वांत बेवारशी. सहकारी गृहनिर्माण संस्थांना आदर्श उपविधीनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी लागते; गावातल्या स्वतंत्र घराला असे बंधन नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडात १९९२ च्या ‘अँड्र्यू’ चक्रीवादळानंतर बांधकामाचे नियम कडक झाले. तेथे निरीक्षक छप्पर भिंतीला कशाने बांधले आहे हे पाहून नोंद करतो आणि त्यावर विम्याचा हप्ता कमी होतो. आपल्याकडे सामान्य घराची सरकारी पाहणी होते ती पडल्यावर, पंचनाम्याच्या रूपाने. ‘निसर्ग’नंतर राज्य शासनाने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५ हजार १०० रुपयांवरून दीड लाख रुपये केली, तर किमान १५ टक्के पडझडीला १५ हजार रुपये देऊ केले. मदतीत पडझडीच्या टक्क्याला असे मोल असल्याने घराची आधीची स्थिती दाखवता आलेली बरी. मे महिन्यात छपराचे, भिंतींचे आणि हुकांचे तारखेसह फोटो काढून ठेवणे हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तीत वादळ व पूर यांचे नुकसान येते. मात्र देखभालीअभावी झालेली झीज कोणतीच पॉलिसी भरून देत नाही, आणि गंजलेल्या हुकाचे नुकसान यांपैकी कशात मोडते, यावरूनच वाद होतात. दुरुस्तीच्या पावत्याही म्हणून फोटोंबरोबर जपाव्यात.